नागपुरातल्या घराची दारं: एक उन्हाळा अन् एक पावसाळा झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी घराची माहिती देतो, नाहीतर खालचं काही कामाचं नाही. घर बेसा साईडला, खाली-वर दोन मजले, तोंड पश्चिमेला. दारं एकूण अकरा. त्यात मेन दार सागवानाचं, बेडरूमची फ्लश डोअर (म्हणजे प्लायसारखी सपाट दारं), बाथरूमची डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा अन् प्लास्टिक मिसळून केलेली) अन् गच्चीचं लोखंडी. सगळी दारं एकाच कंपनीची एकाच शोरूममधून घेतली असती तर डिस्काउंट मिळाला असता हे मला चार जणांनी सांगून झालंय, त्यामुळे कमेंटमध्ये पुन्हा नका सांगू. आपल्याकडे दार कोणत्या कंपनीचं आहे यापेक्षा त्याच्यावर ऊन किती वाजता येते, पाणी कुठून उडते अन् कूलर कुठल्या खिडकीत बसणार आहे हे जास्त महत्त्वाचं, असं माझं मत आहे अन् एक मे महिना अन् एक ऑगस्ट पाहिल्यावर ते आणखी पक्कं झालंय.

सुरुवात वर्धा रोडवरच्या एका शोरूमपासून केली. नाव नाही लिहीत. एसी, कॉफी, सोफा, भिंतीवर ओळीनं उभे केलेले दरवाजे, सगळं एकदम झकास. सेल्सवाल्या पोराचा पहिला प्रश्न बजेट किती, दुसरा प्रश्न इंटिरियरची थीम काय. घराचं तोंड कुठे आहे, दारावर छज्जा आहे का, हे त्यानं शेवटपर्यंत विचारलं नाही. मेंब्रेन डोअर दाखवले, वर छान नक्षी, पांढरे, मॅट फिनिश, बायकोला आवडले पण होते. लाइफटाइम वॉरंटी म्हणे. मी म्हटलं वॉरंटी कार्ड दाखव, तर आधी दोन-तीन ठिकाणी फोन झाले मग कुठूनतरी एक कार्ड आलं, अन् त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं की थेट ऊन किंवा पाणी लागलं तर वॉरंटी लागू नाही. म्हणजे वॉरंटी आहे, फक्त दार कपाटात ठेवायचं.

मेंब्रेन डोअर वाईट असते असं नाही म्हणत मी. आत असते एमडीएफ किंवा एचडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, वर पीव्हीसीचा पातळ पापुद्रा गरम करून चिकटवलेला. कोरड्या खोलीत, एसी असलेल्या फ्लॅटमध्ये मस्त राहते. पण त्या बोर्डाला खालून एकदा पाणी लागलं की तो फुगतो अन् फुगलेला परत बसत नाही, लाकूड निदान उन्हाळ्यात परत जागेवर येते. माझ्या वहिनीच्या फ्लॅटमध्ये फरशी पुसता पुसता खालचा कोपरा पावासारखा फुगला, रोज पोछा लागतो ना आपल्याकडे धुळीपायी.

मग गेलो लकडगंजात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकडाचा बाजार, आरामशीन, टिंबर मार्ट, प्लायवूडची दुकानं सगळी एका भागात. तिथल्या एका जुन्या टिंबर मार्टमध्ये (हे नाव पण नाही टाकत, नाहीतर म्हणाल कमिशन खाल्लं) गल्ल्यावर बसलेल्या काकांनी आधी नकाशा मागितला. कागदावर नाही, तोंडी. "मेन दार कुठल्या दिशेला भाऊ? बाथरूम बेडरूमला लागून का बाहेर? कूलर लावता का एसी?" मी म्हटलं कूलरचा अन् दाराचा काय संबंध काका. म्हणाले, "बसा, चहा घ्या, सांगतो."

अन् संबंध आहे. लाकूड हवेतला ओलावा ओढते अन् सोडते, त्याप्रमाणे रुंदीत फुगते-आटते, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून दार उंचीला कधी अडकत नाही, कडीच्या बाजूनं अडकते. आता नागपुरात मे महिन्यात दुपारी हवेत ओलावा २० टक्क्यांच्या आसपास अन् ऑगस्टमध्ये ८० च्या आसपास, इतका फरक कमीच शहरात असेल. त्यात आपण काय करतो, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री अन् हवा कोरडी ठक्क असताना आत डेझर्ट कूलर चालवून खोलीत पावसाळा आणतो. म्हणजे त्याच दाराची एक बाजू हॉलच्या कोरड्या हवेत अन् दुसरी बाजू कूलरच्या ओल्या हवेत. दार वाकणार नाही तर काय करणार. बेडरूमचं दार उन्हाळ्यातच घासायला लागते अशी तक्रार ज्यांची आहे त्यांनी एकदा कूलरची हवा कुठे जाते ते पाहा.

मेन दाराचं आमच्या घरी डिस्कशनच नव्हतं, बाबांनी प्लॉट घेतला तेव्हाच सांगितलं होतं, "दार सागवानाचंच, बाकी तुम्हाला काय प्लास्टिक-बिस्टिक लावायचं ते लावा." मी स्टीलचं दार सुचवून पाहिलं होतं, आजकाल लाकडासारख्या प्रिंटची बरीच चांगली येतात, वाळवीचं टेन्शन नाही, फुगत नाही, कुलूप मजबूत. पण पश्चिमेचं तोंड. आमच्या शेजारच्या लाईनमध्ये एकानं लावलंय, मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता हँडलला रुमाल धरून उघडतात. तुमचं तोंड उत्तर-पूर्वेला असेल किंवा फ्लॅटमध्ये दार आतल्या लॉबीत उघडत असेल तर स्टील जरूर पाहा, आमच्यासाठी बाद.

सागवानाबद्दल थोडं जास्त लिहितो कारण पैसे इथेच जातात अन् फसवणूक पण इथेच होते. आपल्या विदर्भातला माल बाजारात सीपी सागवान म्हणून ओळखतात, सीपी म्हणजे जुना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, अन् त्यात बल्लारशा (म्हणजेच बल्लारपूर), आलापल्लीकडचा माल वरच्या दर्जाचा मानतात. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून शोभायात्रा काढून सागवान पाठवलं होतं, तेव्हापासून लकडगंजात प्रत्येक दुकानात प्रत्येक लाकूड बल्लारशाचंच असते. काकाच हसून म्हणाले, "भाऊ, तेवढं सागवान असतं तर अख्खं चंद्रपूर जंगलच राह्यलं असतं." त्यांच्याकडे आफ्रिकन, घाना असे परदेशी सागवान पण होते अन् त्यांनी ते तसंच सांगून दाखवले, भाव पण कमी. वनविकास महामंडळाच्या किंवा वनखात्याच्या डेपोच्या लिलावातला माल असेल तर त्याच्या मागे वाहतुकीच्या पासाचे कागद असतात, मागायला लाजू नका. आम्हाला दाखवले.

बघायचं काय तर पांढरं. सागवानाचा आतला गाभा सोनेरी-तपकिरी, त्यात काळपट रेषा, अन् बाहेरचा भाग पांढरट. गाभ्यात तेल असते म्हणून वाळवी शक्यतो नादी लागत नाही, पांढऱ्या भागाला मात्र ती आवडीनं खाते. म्हणजे "सागवान आहे, वाळवी लागत नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. कोवळ्या झाडात हे पांढरं जास्त निघते. काही ठिकाणी आधीच पॉलिशचा हात मारून ठेवतात, सगळं एकसारखं चॉकलेटी दिसते, असा माल मी बघितलाच नाही. कच्चं लाकूड दाखवा, रंधा मारून दाखवा, मग बोलू.

हिशोब समजून घ्या कारण दुकानात तो फार पटकन बोलतात. लाकूड घनफुटावर विकतात. चौकट ५ बाय अडीच इंचाची, दार ७ बाय साडेतीन फूट, उंबरठा ग्रॅनाइटचा धरला तर लाकूड लागते ७ अधिक ७ अधिक साडेतीन, थोडं जोडाला धरून १८ फूट. आता ५ गुणिले २.५ गुणिले १८ भागिले १४४, म्हणजे १.५६ घनफूट. मला भाव पडला ४८०० रुपये घनफूट, म्हणजे नुसती चौकट साडेसात हजाराच्या आसपास, घडाई वेगळी. आता इथे एक प्रश्न जरूर विचारा, माप कापलेलं धरता का घासून झालेलं? कारण घासल्यावर प्रत्येक बाजूनं थोडं कमी होते अन् बिल मोठ्या मापाचं येते. ती पद्धतच आहे, चोरी नाही, पण दोन दुकानांचे भाव ताडून पाहताना ही गोष्ट माहीत नसेल तर स्वस्त वाटणारं महाग पडते.

पल्ला पॅनलचा केला. बाहेर जाड फ्रेम, मधे पॅनल खाचेत बसवलेलं. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगितलं की पॅनलला खाचेत फेविकॉल लावायचा नाही, त्याला हलायला जागा पाहिजे, तर तो म्हणाला "दादा ते मला माहीत आहे, तुम्ही आपलं काम करा." बरं वाटलं. हे पॅनलचं डिझाइन जुन्या लोकांनी नक्षीसाठी नाही काढलेलं, पॅनल आतल्या आत फुगते-आटते अन् बाहेरची फ्रेम जागेवर राहते म्हणून दार अडकत नाही. पॅनल चिकटवून टाकलं की मे महिन्यात आटताना मधून तडकते. बाबांच्या डोक्यात दोन पल्ल्यांचं दार होतं, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याची दारं पाहून आले होते, काय लाकूड होतं राव ते, पण उंची कमी अन् ठिकठिकाणी खिळे, आरामशीनवाला हात लावायला तयार नव्हता. राहिलं.

जाडी ३८ मिमी ठेवली. पुढेमागे डिजिटल लॉक लावायचं मनात असेल तर आधी त्या लॉकला किती जाडी लागते ते पाहा, बऱ्याच लॉकना ३५ च्या वर लागते. आम्ही सध्या तरी साधं मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसणारं) अन् वर अलड्रॉप (कुलूप लावायची आडवी कडी) यावरच आहोत, आईचा बॅटरीवाल्या कुलपावर विश्वास नाही.

अन् आता माझ्या मते सगळ्यात पैसे वसूल झालेली गोष्ट, जाळीचं दार. यासाठी चौकटीलाच डबल खाचा पाडून घ्यावा लागतो, एक आतल्या लाकडी पल्ल्याला अन् एक बाहेरच्या जाळीला, अन् हे चौकट बनते तेव्हाच सांगायचं असते, बसल्यावर नाही होत, मग बाहेरून पट्ट्या ठोकून ते बाशिंग बांधल्यासारखं दिसते. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या, नायलॉनची मांजर फाडते. कूलरला हवा बाहेर जायला रस्ता पाहिजे, दारं-खिडक्या बंद केल्या तर नुसतं चिपचिप होते, थंड होत नाही. जाळीचं दार असलं की लाकडी पल्ला उघडा टाकता येतो, मच्छर पण नाही, कुत्रं पण आत नाही. उन्हाळ्यात रात्री आमचं घर याच्यावर चाललं.

बेडरूमला फ्लश डोअर. इथे मी शोभेच्या भानगडीत पडलो नाही. मागायचं ते सॉलिड कोअर (आतून भरीव), बीडब्ल्यूपी ग्रेड (उकळत्या पाण्यातही न सुटणारं), ३२ मिमी, अन् त्यावर आयएसआय मार्क, स्टँडर्डचा नंबर आयएस २२०२. मार्कखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे अन् चालू आहे का ते कळते, दुकानात उभ्या उभ्या होते. एका दुकानात मी ॲप काढल्यावर माणूस म्हणाला हा माल जरा दुसऱ्या गोडाऊनचा आहे, दुसरा दाखवतो. म्हटलं दाखवा. वजन पण एक चांगली खूण आहे, ७ बाय ३ चं ३२ मिमीचं सॉलिड दार एकट्याला सहज उचलत नाही, तीस-पस्तीस किलोच्या घरात जाते. काकांकडे कापलेला तुकडा ठेवलेला होता, आत पाइनच्या पट्ट्या जवळ जवळ बसवलेल्या, मधे फटी नाहीत. भाव मला १३५ रुपये चौरस फूट पडला, म्हणजे २१ फुटाचं एक दार २८३५ ला, जीएसटी वेगळा. भाव बदलत राहतात, हे धरून बसू नका.

फ्लश डोअरवर मायका लावणार असाल तर दोन्ही बाजूंनी लावा. खूप लोक हॉलच्या बाजूनं महागाचा मायका अन् आतून नुसता रंग करतात. एका बाजूनं ओलावा बंद अन् एका बाजूनं चालू, दार धनुष्य होणारच. आतून स्वस्तातला लावा पण लावा. अन् वरची अन् खालची कड. ही कुणालाच दिसत नाही म्हणून रंगारी सोडून देतो, अन् लाकूड सगळ्यात जास्त पाणी पिते ते याच कापलेल्या कडांमधून. दार बसवायच्या आधी आडवं ठेवून दोन्ही कडांना सीलर अन् रंग मारून घेतला. कूलरच्या खोलीचं दार ऑगस्टमध्ये थोडं जड झालं, कडीला किंचित दाबावं लागत होतं, पण रंधा मारायची वेळ आली नाही. बाकीच्या बेडरूमना तेही नाही.

बाथरूमला डब्ल्यूपीसी, चौकट पण अन् पल्ला पण. पाण्यानं काही होत नाही, वाळवी नाही, खालची कड कुजत नाही, आधीच्या घरात दाराला खालून ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला होता तसलं काही लागत नाही. तोटे पण सांगतो. एक तर जड असते. दुसरं, स्क्रू पकडण्याची ताकद मालावर आहे, हलक्या मालात कब्जा (बिजागरी) काही महिन्यांत ढिला होतो, म्हणून तुकडा हातात घेऊन त्यात स्क्रू पिळून पाहा, दुकानदार नाही म्हणाला तर उठा. तिसरं, याला ऊन चालत नाही. प्लास्टिकच शेवटी, गडद रंगाचं दार पश्चिमेच्या उन्हात तापून वाकू शकते, त्यामुळे बाहेरच्या दाराला कुणी डब्ल्यूपीसी सुचवत असेल तर वर छज्जा आहे का ते आधी पाहा. नुसतं पीव्हीसीचं हलकं दार स्वस्त आहे, भाड्याच्या खोल्यांना ठीक, पण जोरात लोटलं की अख्खं थरथरते.

आजीच्या बाथरूमचं दार मुद्दाम मोठं अन् बाहेर उघडणारं केलं. नेहमीचा अडीच फुटाचा पल्ला असतो, पण चौकटीच्या आत मोजलं अन् दाराची जाडी वजा केली की वॉकर घेऊन जाताना कोपर घासतात. आम्ही पावणेतीन फूट केलं. बाहेर उघडणारं यासाठी की आत कुणी पडलं तर दार आत ढकलता येत नाही, माणूसच अडसर बनतो. कडी पण बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी बसवली. आजी पहिले म्हणाली, "अरे बाहेर उघडते हे दार, लोक काय म्हणतील?" आता तिला सवय झाली.

गच्चीचं दार सगळ्यात दुर्लक्षित असते अन् सगळ्यात जास्त मार तेच खाते, ऊन पण पूर्ण अन् पाऊस पण पूर्ण. बांधकामवाला उरलेलं फ्लश डोअर तिथे लावून मोकळा होणार होता. आम्ही लोखंडी अँगलची चौकट अन् पत्र्याचं दार करून घेतलं, फॅब्रिकेटरकडून, रेड ऑक्साइड मारून वर रंग. दिसायला गोडाऊनसारखं आहे. चालते. आवाज करते हा एक त्रास आहे, मे महिन्यात संध्याकाळी अचानक वादळ सुटते ना, तेव्हा ते आपटलं की खालच्या मजल्यावर झोपलेला माणूस उठून बसतो, त्यामुळे भिंतीला हुक आलाच.

कब्ज्यांवर पैसे वाचवू नका. मेन दाराला ५ इंची स्टेनलेस स्टीलचे चार, फ्लशला ४ इंची तीन. मिस्त्रीनं फट धरायला रुपयाची दोन नाणी एकत्र धरून फिरवली, साधारण ३ मिमी होते, अन् खाली फरशीपासून थोडी जास्त सोडली. काम एक नंबर, पण "उद्या येतो" म्हणून गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात उगवायचा, दुसरी साईट हिंगण्याला चालू होती म्हणे. फोन उचलत नव्हता, व्हॉट्सॲपचं स्टेटस मात्र रोज बदलत होतं. कामाला पाचपैकी पाच, वेळेला एक. तरी पुढचं काम त्यालाच देईन.

टिंबर मार्टला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डिलिव्हरीसाठी, फ्लश डोअर उघड्या गाडीवर आले अन् एकाचा कोपरा ठेचला होता. काकांनी बदलून दिलं, वाद न घालता, पण गाडीभाडं आमच्याकडूनच घेतलं. गाडीतून उतरवतानाच चारही कोपरे पाहून घ्या अन् मगच चलनावर सही करा, अन् दारं आली की भिंतीला टेकवून उभी नका ठेवू, खाली तीन सपाट लाकडं टाकून आडवी एकावर एक ठेवा, नाहीतर बसवायच्या आधीच वाकतात. पश्चिमेच्या मेन दाराचं पॉलिश एका उन्हाळ्यात थोडं फिकं पडलंय, खालच्या दोन पॅनलवर जास्त, छज्जा दोनच फुटाचा आहे अन् संध्याकाळचं ऊन त्याच्या खालून सरळ येते. दिवाळीच्या आधी बाहेरच्या बाजूनं परत एक हात मारणार आहे.